डोक्यावर घड : जळगावच्या ४८ तासांच्या गेम जॅममधल्या नोंदी

गुरुवार, २२ जानेवारी, रात्री १०
उद्यापासून गेम जॅम, म्हणजे ठरलेल्या तासांत नवा गेम बनवायचा. बॅग भरली. लॅपटॉप, माऊस, दोन एक्स्टेंशन बोर्ड, पेन ड्राइव्ह, शाल. गोडो ४.५ (गेम बनवायचं सॉफ्टवेअर, म्हणजे इंजिन) टाकलेलं आहे. इंजिन फुकट आहे, माझ्या सहा वर्षं जुन्या लॅपटॉपवर कुरकुर न करता चालतं, आणि मला त्याशिवाय दुसरं येत नाही. एक्स्पोर्ट टेम्प्लेट (गेम ब्राउझरसाठी बाहेर काढायला लागणाऱ्या फाइली) मागेच उतरवून ठेवलेत, त्यामुळे नेटची काळजी नाही.
(शेवटचं वाक्य खोडलेलं नाही. रविवारची नोंद वाचाल तेव्हा कळेल का ते.)

टीम तिघांची. मी कोड लिहिणार. भाचा बारावीला आहे, तो चित्रं काढणार. परीक्षा तोंडावर असताना त्याला नेतोय म्हणून बहिणीने फोनवर जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. तिसऱ्या ताई, अमळनेरच्या, गाण्याच्या शिकवण्या घेतात. आवाजाचं काम त्यांच्याकडे. त्यांनी आयुष्यात एकही गेम खेळलेला नाही, आणि याचा पुढे फायदाच झाला.

शुक्रवार, २३ जानेवारी, संध्याकाळी ७:२०
कॉलेजची कॉम्प्युटर लॅब, अकरा टीम. रविवारी संध्याकाळी सातला गेम ब्राउझरमध्ये चालला पाहिजे, एवढीच अट. विषय फळ्यावर लिहिला : ‘ओझं’.

दहा मिनिटांत लॅबभर एकच कुजबुज, दप्तर. नंतर मोजलं तर चार टीमनी दप्तर केलं, दोघांनी कर्ज, एकाने लग्नाळू मुलगा. भाचा म्हणाला, ‘मामा, मनावरचं ओझं दाखवू, काळा धूर.’ मी म्हटलं, धूर तू काढशील, पण खेळणारा काय करेल?

मी चोपडा तालुक्यातला. लहानपणापासून केळीच्या कटिंगचा दिवस बघितलेला आहे. एक जण विळ्याने घड उतरवतो, दुसरा तो झेलून डोक्यावर घेतो, खाली चुंबळ, आणि बागेतून रस्त्यावरच्या ट्रकपर्यंत चालत सुटतो. वीस-पंचवीस किलोचा घड. सरीत चिखल, पायात ठिबकच्या नळ्या, वरून वाळलेली पानं तोंडावर. घड कुठे आपटला, घासला की कच्च्या सालीवर तेव्हा फार दिसत नाही, पण पिकताना तिथेच काळं पडतं आणि व्यापारी कुरकुरतो. ओझं म्हटलं की मला हेच दिसतं. भाच्याला दिसलं नाही, पण त्याला घड काढायला आवडणार होता, म्हणून तयार झाला.

रात्री ९:००
कागदावर यादी केली. चौदा गोष्टी झाल्या : वारा, व्यापाऱ्याशी घासाघीस, मृगबाग-कांदेबाग असे दोन हंगाम, दोन खेळाडू, आणखी काय काय. यादी करायला पाऊण तास गेला आणि त्यातल्या चारच गोष्टी शेवटी गेममध्ये आल्या. यादी करू नका असं नाही, पण जेवणाआधी करा. पोट भरल्यावर माणूस उदार होतो.

ठरलं ते असं : माणूस बाजूने दिसतो. उजवा बाण दाबून ठेवला की चालतो, सोडला की थांबतो. डोक्यावर घड, तो पुढे-मागे कलतो. ए आणि डी या बटणांनी सावरायचा. सुरुवातीला नऊ फण्या, आपटला की एक जाते. ट्रकपर्यंत किती फण्या धड पोचल्या तेवढे गुण.

रात्री ११:५०
चित्रं नाहीत. एक उभा चौकोन म्हणजे माणूस, वर आडवी गोळी म्हणजे घड. कलण्याचं गणित दोन ओळींचं : घड जितका कललेला तितक्या जोरात आणखी कलणार, आणि बटण दाबलं की उलट बाजूला थोडा धक्का. तळहातावर काठी उभी करतो तोच प्रकार. पहिल्या तासाभरात हे चाललं आणि चौकोन-गोळीतच मजा यायला लागली. भाचा वीस मिनिटं नुसता तोच खेळत बसला. तेव्हा वाटलं, झालं काम.

शनिवार, २४ जानेवारी, पहाटे १:४०
नाही झालं. माझ्या लॅपटॉपवर घड सावरता येत होता. भाच्याच्या लॅपटॉपवर डोळ्याचं पातं लवायच्या आत पडायचा. त्याचा लॅपटॉप नवा, गेमिंगवाला, वडिलांनी हप्त्यावर घेऊन दिलेला. मी म्हटलं तुझ्या लॅपटॉपमध्ये काहीतरी बिघाड आहे. त्याला राग आला, आणि रास्त आला.

बिघाड माझ्याच कोडमध्ये होता. माझी स्क्रीन सेकंदाला ६० फ्रेम (चित्रं) दाखवते, त्याची १४४. मी कलणं दर फ्रेमला वाढवत होतो, मध्ये किती वेळ गेला याने गुणलंच नव्हतं. त्यामुळे त्याच्याकडे हिशेब सेकंदात २.४ पट जास्त वेळा होत होता. तोल सुटायचा प्रकार असा की कललं की आणखी कलतं, तिथे एवढा फरक म्हणजे खेळच संपला. सगळं फिजिक्स प्रोसेसमध्ये हलवलं (ते कुठल्याही मशीनवर सेकंदाला ६० वेळाच चालतं) आणि डेल्टाने, म्हणजे मध्ये गेलेल्या वेळाने, गुणलं. दुरुस्ती सहा मिनिटांची, कारण सापडायला एक तास दहा मिनिटं.

हे पुस्तकात पहिल्याच धड्यात असतं. मलाही पाठ आहे. रात्री एकला पाठ असून उपयोग नसतो.

सकाळी ९:१५
सगळ्यात महाग चूक. लॅबचं नेट रात्रीपासून बंद-चालू, म्हणून आम्ही फाइली पेन ड्राइव्हने इकडून तिकडे नेत होतो. भाच्याने सकाळी त्याचा अख्खा फोल्डर माझ्या फोल्डरवर टाकला, ‘रिप्लेस ऑल’. त्याच्याकडे मुख्य सीन (गेमची मुख्य फाईल) रात्री अकराचा होता. माझं पहाटेचं काम, म्हणजे डेल्टाची दुरुस्ती, चिखल आणि ठिबकची नळी, गेलं.

पुन्हा लिहायला एक तास पंचवीस मिनिटं. भाच्याला काही बोललो नाही, कारण पेन ड्राइव्ह हातात देऊन ‘टाकून दे’ मीच म्हटलं होतं.

त्यानंतरचा नियम, अजून पाळतोय : मुख्य सीन एकाच्याच मशीनवर उघडायचा. चित्रकाराने फक्त ‘चित्रं’ नावाचा फोल्डर द्यायचा, आवाजवाल्याने ‘आवाज’. आणि दर दोन तासांनी पूर्ण फोल्डरची प्रत, नावात वेळ घालून. गिट (फाइलींतले बदल सांभाळणारं साधन) वापरता येतं हे मला माहीत आहे. तिघांपैकी एकालाच येत असेल तर जॅममध्ये शिकवत बसू नये.

याच गडबडीत एक कामाची गोष्ट सापडली. फोल्डर कॉपी व्हायला दहा-बारा मिनिटं लागत होती, कारण आत गोडोचा एक लपवलेला फोल्डर असतो, नावाआधी टिंब असलेला. त्यात हजारो बारीक फाइली. तो न घेता कॉपी करा. प्रकल्प पुन्हा उघडला की गोडो तो आपोआप नव्याने तयार करतं.

दुपारी १:००
ताई घरून गोणीभर वाळलेली केळीची पानं घेऊन आल्या. रिक्षावाल्याने त्यांना विचारलं म्हणे, गुरांना का?

लॅबमध्ये रेकॉर्डिंग अशक्य. पंखे, की-बोर्ड, आणि शेजारच्या टीमचा एक जण दर पाच मिनिटांनी ‘चाललं रे!’ ओरडायचा, पुढच्या मिनिटाला ‘नाही चाललं’. मग ताईंनी पार्किंगमधल्या एका सरांची गाडी मागितली, काचा वर, आत बसून फोनवर रेकॉर्ड केलं. सीटचं कापड आवाज शोषून घेतं, त्यामुळे खोलीसारखा घुमत नाही. स्टुडिओ नसेल तर उभी गाडी, याच्याइतकी फुकट आणि चांगली जागा नाही.

चालण्याचा आवाज : गोणीत पानं, वर हाताच्या मुठी. घड आपटण्याचा : ओला टॉवेल सीटवर. चिखलाचा आवाज जमेना. पाणी-माती कालवून बघितली, तो आवाज चिखलासारखा वाटतच नव्हता. शेवटी ताईंनी डब्यातली भिजवलेली कणीक मुठीत दाबून सोडली. तोच ठेवला. ताई म्हणाल्या, ‘ऐकणाऱ्याला खरं काय ते नको असतं, ओळखीचं हवं असतं.’ तीस वर्षं गाणं शिकवल्यावर माणूस असं बोलतो.

एक सूचना, कळली ती गेम ब्राउझरमध्ये टाकल्यावर, पण इथेच लिहितो. ब्राउझर पहिल्या क्लिकआधी आवाज वाजू देत नाही. म्हणून ‘सुरू करा’ असं बटण ठेवा. आमच्याकडे गेम थेट सुरू होत होता आणि पहिली काही पावलं मुकी जात होती.

संध्याकाळी ५:३०
शेजारच्या टीममधल्या आठ जणांना खेळायला बसवलं. आम्ही मागे उभे, बोलायचं नाही असं ठरवून. अवघड असतं ते. भाच्याने तोंडावर हात ठेवला होता.

आठपैकी सहा जणांनी उलट बटण दाबलं. घड पुढे झुकला की डी दाबायचे, म्हणजे आणखी पुढे. त्यांचं म्हणणं, घड पुढे जातोय तर आपण पुढे सरकून त्याच्याखाली जायचं. माझं म्हणणं, बटण म्हणजे हाताचा धक्का. दोन्ही बरोबर, हीच पंचाईत. सूचना चार ओळींची लिहिली, कोणी वाचली नाही. सहा ओळींची केली, तीही नाही. त्यात दीड तास गेला.

ताई मागून म्हणाल्या, ‘त्याचे हात कुठे आहेत?’

माणसाला हातच नव्हते. भाच्याने अंगाला चिकटलेले काढले होते, वेळ वाचवायला. त्याने दोन चित्रं नव्याने काढली : एकात पुढचा हात वर जाऊन घडाला मागे रेटतो, दुसऱ्यात मागचा हात पुढे. ए दाबलं की एक, डी दाबलं की दुसरं. पंचवीस मिनिटांचं काम. पुढच्या पाच जणांपैकी पाचही जणांना दुसऱ्या खेपेला कळलं. सूचना पूर्ण काढून टाकल्या.

रात्री ९:३०
भरीत. थंडीचे दिवस, आयोजकांनी वांगी काट्यांवर भाजून आणली होती. कांद्याची पात, हिरव्या मिरच्या, शेंगदाणे, सोबत पुऱ्या आणि कळण्याची भाकरी. मी किती खाल्लं ते लिहिणार नाही.

झोप : मी १०:१५ ते २:४०. गजर दीडचा होता. वाया : एक तास दहा मिनिटं. पश्चात्ताप नाही.

रविवार, २५ जानेवारी, सकाळी ६:२०
शेवटी ट्रकजवळ व्यापारी उभा असतो आणि एक वाक्य बोलतो. अक्षरं एकेक करून उमटतात, जुन्या गेममध्ये असतं तसं. इंग्रजीत हे छान दिसतं. मराठीत काय झालं बघा. ‘व्यापारी’ लिहायचं तर आधी ‘व’ आला, मग पाय मोडलेला ‘व्’, मग ‘व्य’, मग ‘व्या’. ‘पिकला’मध्ये आधी ‘प’ उमटला, मग वेलांटी त्याच्या आधी घुसली आणि बिचारा ‘प’ उजवीकडे सरकला. अख्खी ओळ थंडीने कुडकुडल्यासारखी हलत होती.

कारण साधं आहे. संगणक ‘व’, हलन्त, ‘य’ हे वेगवेगळे मोजतो आणि आपण एक म्हणून वाचतो. मी पन्नास मिनिटं शब्द हाताने तोडून यादी करत बसलो. मग लेबलच्या (गोडोत मजकूर दाखवणाऱ्या भागाच्या) गुणधर्मांत एक सेटिंग दिसलं, दिसणारी अक्षरं जोडाक्षरं होण्याआधी मोजायची की झाल्यावर. मूळ निवड ‘आधी’ असते. ती ‘नंतर’ केली, प्रश्न मिटला. मराठी, हिंदी, नेपाळी, कशातही गेम करत असाल तर हे पहिल्या दिवशी करा.

सकाळी ११:३०
एक्स्पोर्ट. इंजिन ४.५चं आणि मी मागेच उतरवलेले टेम्प्लेट ४.४चे. चालत नाहीत, आवृत्ती तंतोतंत तीच लागते. भलीमोठी फाईल आणि लॅबचं नेट. शेवटी ताईंच्या फोनच्या हॉटस्पॉटवर, खिडकीत फोन ठेवून, तास-सव्वा तासात उतरली. तेवढ्यात भाच्याने कुत्रं काढलं. यादीतलं नव्हतं, पण हात रिकामे होते. ते सरीत आडवं येतं आणि थांबायला लावतं.

एक्स्पोर्ट झालेली एचटीएमएल फाईल दोनदा क्लिक करून उघडली तर चालली नाही. अशी ती चालतच नाही, ब्राउझर अडवतो. लॅबमध्ये पायथन (प्रोग्रामिंगची भाषा) होतं, त्याचा छोटा सर्व्हर एका ओळीत सुरू होतो, त्यावरून उघडली. गेम आला. घड आला, कुत्रं आलं. मराठी मात्र सगळी चौकटी-चौकटी.

पुढचा दीड तास मी एन्कोडिंगला (फाइलीत अक्षरं साठवायच्या पद्धतीला) शिव्या देत होतो. फाइली पुन्हा सेव्ह केल्या, वाक्यं पुन्हा टाईप केली. दोष तिथे नव्हताच. गोडोच्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नाही. लॅपटॉपवर चालवलं की गोडो गुपचूप विंडोजचा मराठी फॉन्ट उसना घेतं, म्हणून दोन दिवस सगळं ठीक दिसत होतं. ब्राउझरमध्ये तो उसना मिळत नाही. ‘बालू’ हा खुला फॉन्ट प्रकल्पात टाकला, प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये थीमचा फॉन्ट म्हणून निवडला. बारा मिनिटं.

शुक्रवारी रात्री चौकोन-गोळीचाच गेम ब्राउझरमध्ये टाकून बघितला असता तर टेम्प्लेट आणि फॉन्ट दोन्ही तेव्हाच कळलं असतं. पुढच्या वेळी पहिली रिकामी स्क्रीन आधी चढवणार, त्यावर ‘व्यापारी’ एवढा एकच शब्द लिहून.

दुपारी ४:१०
ब्राउझरमध्ये ट्रकच दिसेना. माणूस हवेत फण्या मोजत उभा. भाच्याने फाईलचं पहिलं अक्षर कॅपिटल ठेवलं होतं, मी कोडमध्ये लहान लिहिलं. विंडोजला फरक पडत नाही, एक्स्पोर्ट झालेल्या गेमला पडतो. वीस मिनिटं. नावं सगळी लहान अक्षरांत, मध्ये जागा नाही, असं आधीच ठरवा.

संध्याकाळी ६:४६
चढवला. इच.आयओवर (गेम ठेवायची वेबसाईट) झिप टाकताना एचटीएमएल फाईल आतल्या फोल्डरमध्ये नको, झिप उघडल्याबरोबर समोर हवी. आम्ही एकदा चुकलो, दुसऱ्यांदा जमलं. चौदा मिनिटं शिल्लक होती. ताईंनी चहा सांगितला.

रात्री ९:००
बक्षीस दप्तरवाल्यांपैकी एकांना. चांगलाच होता त्यांचा, दप्तरात दगडांऐवजी लोकांचे टोमणे भरत जातात. आमच्यापाशी गर्दी मात्र हटत नव्हती, आणि बहुतेकांची नववी फणी कुत्र्यापाशी पडत होती.

खर्च : प्रवेश तिघांचा ९००, बस-रिक्षा ४२०, हॉटस्पॉटचं जादा रिचार्ज ६०, चहा-वडापाव ३१०. एकूण १६९०. वाया गेलेला वेळ वरच्या नोंदींतून जोडला तर दहा तासांच्या आसपास, झोपेसकट. ४८ पैकी.

सोमवार, २६ जानेवारी
सुट्टी. सकाळी विदगावच्या पुलावरून तापी ओलांडून गावी. झेंडावंदनानंतर ओट्यावर लॅपटॉप उघडला. नाना आले. वडिलांचे चुलतभाऊ, चाळीस वर्षं घड वाहिलेत, आता गुडघे गेले.

‘हाई काय शे?’

दाखवलं. त्यांनी बटणं दाबायला नकार दिला, मला खेळायला लावून बघत बसले. माझा घड दुसऱ्या सरीत पडला. कुत्र्यासाठी थांबलो, सावरला, चाललो, पडला. नाना हसले.

‘चालतांना नही पडस भाऊ. उभं ऱ्हायनं का मंग पडस.’

मी म्हटलं, चालताना धक्के बसतात ना, म्हणून चालताना जास्त कलतो, असं केलंय. त्यांनी मान हलवली. मग उठले, दारातली रिकामी घागर डोक्यावर ठेवली, हात सोडून अंगणात चार पावलं चालले. घागर जागची हलली नाही. तुळशीपाशी थांबले, आणि घागर डुलायला लागली. एका हाताने धरून त्यांनी माझ्याकडे बघितलं. चालताना पाय आपोआप ओझ्याखाली जात राहतात. थांबलं की पाय रुतलेले आणि सगळं मानेवर.

मंगळवार, २७ जानेवारी, रात्री
कलण्याचा आकडा चालताना ०.९ होता, थांबल्यावर ०.५. अदलाबदल केली. दोन आकडे, अर्धा मिनिट.

गेम वेगळाच झाला. आधी सगळे घाबरून थांबत-थांबत जायचे. आता थांबणंच महाग, आणि कुत्रं, जे रिकाम्या हाताने म्हणून काढलं होतं, ते खरं संकट झालं. चिखलात वेग कमी होतो, तिथेही घड डुलतो. बाकी काही बदललं नाही.

नवी आवृत्ती चढवली. वडिलांनी फोनवर उघडायचा प्रयत्न केला, पण ए आणि डी फोनवर कुठून येणार. ते राहिलंय. स्क्रीनवर दोन बटणं टाकायची आहेत, येत्या रविवारी बसेन. भाच्याची प्रॅक्टिकल आहेत, त्याला सांगितलेलं नाही.